सराफ्याजवळचे जुन्या नाण्यांचे दुकान: युद्धकालीन नाण्यांसाठी

इंदूरच्या राजवाड्यापासून सराफ्याकडे जाताना एका गल्लीत असलेले हे दुकान होळकरी नाण्यांसाठी ओळखले जात असले, तरी दुसऱ्या महायुद्धात तांबे, निकेल आणि चांदी यांची टंचाई असताना पर्यायी धातूंत किंवा धातू वाचवून पाडलेल्या नाण्यांचा तेथील साठा मला अधिक मोलाचा वाटला. 1943 पासूनचा भोकाचा पैसा, पिवळसर निकेल-पितळेचा आणा, जर्मनीचे काळवंडलेले जस्ती फेनिग हे सारे वेगवेगळ्या पाकिटांत नीट लावलेले आहे. भोकाचे पैसे तर मूठभर मिळतात आणि तेही वाजवी दरात. 1940 पासून रुपयातील चांदी निम्म्यावर आली, हे मालक गिऱ्हाइकाने विचारण्याआधीच सांगतात. असा सचोटीचा व्यवहार या धंद्यात विरळाच.

तक्रार आहे ती अमेरिकेच्या 1943 च्या पोलादी सेंटबद्दल. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यातून चकत्या कापल्या जात असल्यामुळे या नाण्याची कड उघडीच राहत असे आणि तेथूनच गंज धरत असे. येथे ‘न वापरलेले’ म्हणून दाखवलेल्या सेंटची कडही मात्र आरशासारखी चकचकीत होती, शिवाय लिंकनच्या केसांच्या रेषा बुजलेल्या होत्या; म्हणजे झिजलेल्या नाण्यावर नव्याने मुलामा चढवलेला. लोहचुंबकाला ते चिकटते, पण तेवढ्याने मूळ पृष्ठभाग सिद्ध होत नाही. किंमत मात्र अस्सल कोऱ्या नाण्याची सांगितली गेली. हिंदुस्थानी नाणी येथून निःशंक घ्यावीत, परदेशी नाणी भिंगाखाली पाहूनच.