पिंजरामुक्त अंडी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या महिन्यात हाफ फ्रायसाठी घेतलेले अंडे ताटलीत फोडले, तेव्हा पांढरा भाग पाण्यासारखा पसरला आणि चपटा झालेला बलक तव्यावर जाण्याआधीच फुटला. सहा अंड्यांच्या त्या खोक्याला 96 रुपये मोजले होते आणि परळच्या आमच्या गल्लीतला दुकानदार त्याच दिवशी 8 रुपयांना अंडे देत होता. दुप्पट दराने आठ महिने घेतलेल्या या अंड्यांविषयी लिहावेसे वाटले ते त्या सकाळी.

सुरुवातीचे चार महिने मी पूर्ण समाधानी होते, कारण बलक गडद केशरी निघत असे आणि मोकळ्या कोंबडीची हीच खूण, असा माझा पक्का समज होता. तो चुकीचा होता. बलकाचा रंग खाद्यातून येतो. मक्याचे प्रमाण वाढवले किंवा झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क मिसळला, तर पिंजऱ्यातली कोंबडीही तसाच बलक देते. माणगावला आत्याच्या परसातल्या कोंबड्या पावसाळ्यात हिरवा पाला आणि किडे खातात तेव्हा त्यांचा बलक गडद असतो, आणि त्याच कोंबड्यांचा मे महिन्यात फिका पडतो, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. तरी खोक्यावरच्या चित्राला भुलले. तपकिरी कवचाचेही तसेच, तो रंग कोंबडीच्या जातीचा असतो.

मग जास्तीचे पैसे कशाचे? कोंबडीच्या जगण्याचे, हे माझे आजचे उत्तर आहे. पिंजरा पद्धतीत आपल्याकडे एका कोंबडीच्या वाट्याला साधारण 450 चौरस सेंटीमीटर जागा येते, म्हणजे छपाईच्या ए-फोर कागदापेक्षाही कमी, आणि तेवढ्यात तिला पंख पसरता येत नाहीत की माती उकरता येत नाही. गादी पद्धतीत शेडमध्ये भाताचे तूस पसरलेले असते, कोंबड्या त्यावर फिरतात, उकरतात, धूळ अंगावर घेतात आणि अंडी घालायला घरट्यासारख्या पेटीत जातात. ‘पिंजरामुक्त’ या शब्दात एवढेच बसते, अंगणात चरणे त्यात गृहीत नसते. हे मला पाचव्या महिन्यात कळले आणि राग आला, कारण खोक्यावर हिरवेगार कुरण छापलेले आहे.

स्वच्छतेत पिंजरा पुढे आहे, हेही मान्य करायला हवे. तिथे जाळीच्या उतारावरून अंडे लगेच बाहेर घरंगळते. गादीवर मात्र एखादी कोंबडी पेटीऐवजी तुसातच अंडे घालते आणि ते माखते. माझ्या खोक्यांत अशी दोन-तीन अंडी नेहमी असत. पहिले काही आठवडे मी ती धुऊन फ्रीजमध्ये ठेवत होते. पण धुतल्याने कवचावरचा नैसर्गिक लेप जातो आणि छिद्रांतून जंतू आत जाण्याची शक्यता वाढते, म्हणून आता फक्त कोरड्या फडक्याने पुसते.

माझी खरी तक्रार तारखेची आहे. खोक्यावर पॅकिंगची तारीख असते, अंडे घातल्याची नसते. अंडे जसे जुने होते तसा त्यातला कार्बन डायऑक्साइड कवचातून निघून जातो आणि घट्ट पांढरा भाग पातळ होतो. मुंबईच्या उकाड्यात तर हे फारच लवकर घडते. त्या दिवशीचे दुसरे अंडे पाण्यात सोडले तर ते बोथट टोक वर करून उभे राहिले, म्हणजे तेही जुनेच होते. ग्राहक सेवेला फोटो पाठवून मी दोनच प्रश्न विचारले : अंडी कोणत्या दिवसाची आहेत आणि कोंबड्यांना शेडबाहेर सोडतात का? चौथ्या फोननंतर पैसे परत मिळाले, उत्तर मिळाले नाही. मला उत्तर हवे होते. युरोपीय संघात साध्या पिंजऱ्यांवर 2012 पासून बंदी आहे आणि तिथे प्रत्येक अंड्यावर पद्धतीचा आकडा छापतात : 0 सेंद्रिय, 1 बाहेर मोकळ्या सोडलेल्या कोंबड्यांचे, 2 शेडमधले, 3 सुधारित पिंजऱ्यातले. आपल्याकडे विधी आयोगाने जुलै 2017 मध्ये अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या निवाऱ्यावर 269 वा अहवाल दिला, पण माझ्या हातातल्या खोक्यावर अजून नुसते कुरणच आहे.

चव आणि ताजेपणा यांसाठी हे पैसे मोजू नयेत, असे माझे मत झाले आहे. उकडल्यावर घरात कोणालाच दोन्ही अंड्यांतला फरक ओळखता आला नाही. तरीही पिंजऱ्याकडे परत जायला मन होत नाही. आठवड्याला बारा अंडी लागत होती, ती आठांवर आणली आहेत आणि ती कंपनी बदलली आहे. नव्या विक्रेत्याने विचारताच सांगितले की कोंबड्या गादीवर असतात, बाहेर सोडत नाहीत, आणि अंडी परवाची आहेत.