पावागड: मुक्काम माचीवर की चांपानेरात?

बडोद्याहून सुमारे ५० किलोमीटरवरचा पावागड एका दिवसात पाहून परतता येतो; पण बरोबर ज्येष्ठ मंडळी असली किंवा माथ्यावरच्या कालिकामातेचे पहाटेचे दर्शन हवे असले की रात्रीचा मुक्काम सोयीचा ठरतो. तो डोंगराच्या मध्यावरील माचीवर करावा की पायथ्याच्या चांपानेरात, हे बरोबर कोण आहे आणि ऋतू कोणता आहे यावर ठरते.

सपाट मैदानातून एकटाच सुमारे ८०० मीटर उंचीपर्यंत गेलेला हा डोंगर लाव्ह्याच्या थरांचा आहे. खाली बेसाल्ट, तर माथ्याकडे टणक रायोलाइट खडकाचे कडे असल्याने चढ सलग नाही, टप्प्याटप्प्याचा आहे. माची हा त्यातलाच एक रुंद टप्पा. एस.टी. तिथवर चढते आणि १९८६ मध्ये सुरू झालेला रोपवेही तेथूनच सुटतो, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांची मोठी चढण वाचते. मात्र रोपवेतून उतरल्यावरही कालिकामातेच्या मंदिरापर्यंत पायऱ्या आहेतच, हे घरच्या आजींना आधी सांगून ठेवलेले बरे. नारळ-चुंदडीच्या दुकानांची गजबज भल्या पहाटे सुरू होते. चैत्र आणि आश्विनातल्या नवरात्रांत तर येथे झोपेची अपेक्षाच ठेवू नये.

चांपानेरात याच्या उलट स्थिती आहे. गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याने १४८४ मध्ये गड घेतल्यावर येथे राजधानी उभारली. १५३५ मध्ये हुमायूनने ती जिंकली आणि पुढे नगर ओस पडत गेले. आजचे छोटे गाव त्याच जुन्या तटबंदीच्या आत नांदते. जामी मशिदीच्या खांबांवरचे आणि छतावरचे कोरीवकाम सकाळच्या तिरप्या उन्हात निवांत पाहता येते, वाटा सपाट आहेत, आणि माचीवरून कधीच न दिसणारा अख्खा डोंगर वडा तलावाच्या काठावरून एका नजरेत मावतो. २००४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा गड आणि नगर या दोहोंना मिळून लाभला. दर्शन घेऊन थेट परतणारे त्यातला निम्माच भाग पाहतात.

पावसाळ्यात माझा कौल निःशंकपणे चांपानेरला आहे. बडोद्याच्या आपल्या विश्वामित्री नदीचा उगम ज्या उतारांवर होतो, ते तेव्हा हिरवेगार असतात. पण माची ढगांत बुडालेली असते आणि वारा वाढला की रोपवे थांबतो. हिवाळ्यात, तेही सणवार टाळून, वृद्धांसह जायचे असल्यास माचीच घ्यावी.

दर्शनाचा हेतूच नसेल, तर शिवराजपूरमार्गे जांबुघोड्याकडची गावे पाहावीत. तेथे अभयारण्याचे जंगल आणि आदिवासी वस्त्या आहेत. परंतु वाहन स्वतःचे हवे.