आठवा हप्ता स्वल्पविरामाचा

कार्डावरून आठव्यांदा पैसे कापल्याचा मेसेज आला तेव्हा मी दुकानात उधारीची यादी काढत बसले होते. तोंडातून जे बाहेर पडलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण पलीकडं बसलेल्या तोलाईदारानं मान वर करून बघितलं.

कोर्स अमेरिकेतल्या एका कॉलेजचा, प्राथमिक अकाउंटिंगचा, आपल्या सवडीनं करायचा. व्हिडिओ, क्विझ, शेवटी कॅमेऱ्यासमोर परीक्षा, हे सगळं तुम्हाला माहीत असेलच, त्यात वेळ घालवत नाही. पुण्याच्या मामेबहिणीनं केला होता, तिचं बघून मी घेतला. महिन्याला साधारण ३,९०० रुपये, वर कार्डाचा परकीय चलनाचा चार्ज.

मी बी.ए. मराठी. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात सासऱ्यांची, म्हणजे आबांची, गुळाची अडत आहे. कीर्द (रोजच्या नोंदींची वही) आणि खतावणी (खातेवार वही) लिहिणारे दिवाणजी गेल्या दिवाळीला थकून घरी बसले, नवरा कायम गुऱ्हाळांवर फिरतीला, आणि आबांना मोतीबिंदूमुळं बारीक आकडे दिसत नाहीत. टॅलीत नोंदी करायला एक पोरगा येतो, पण तो काय करतो हे बघणारं घरातलं कुणीतरी पाहिजे. ते मी.

पहिली चूक माझीच. पाडव्याला गुळाचे सौदे निघतात आणि मी बरोब्बर त्याच सुमारास, नोव्हेंबरात, कोर्स सुरू केला. डिसेंबर-जानेवारीत यार्डात जेवायला उसंत नसते, लॅपटॉप कुठला उघडतेय! दारात रिक्षा थांबवून ठेवायची आणि आत झोपून जायचं, तसे ७,८०० रुपये गेले. राजारामपुरीतल्या एका क्लासनं टॅलीसकट पूर्ण कोर्सचे त्याहून कमी सांगितले होते, हे नवऱ्यानं त्या काळात तीनदा आठवण करून दिलं.

फेब्रुवारीत बसले. शिकवणारे सर शांत, आवाज चांगला, घाई नाही. त्यांचा दुकानदार समुद्रावर सर्फिंगच्या फळ्या विकतो. आमच्या अडतीत माल आमचा नसतोच, शेतकऱ्याचा असतो, आमची कमाई फक्त अडत, म्हणजे विक्रीवरचं कमिशन. त्यामुळं मालसाठ्याचा सगळा धडा मला परक्याच्या घरची भांडी घासल्यासारखा वाटला. त्यातही लिफो, म्हणजे शेवटी आलेला माल आधी गेला असं धरायचं, यावर दोन आठवडे. ही पद्धत अमेरिकेत चालते, आपल्या लेखामानकात नाही. आमच्या सीएंना विचारलं तर ते हसलेच. वर्षअखेरही त्यांची ३१ डिसेंबर. आबांच्या तरुणपणी हिशेबाचं वर्ष दिवाळी ते दिवाळी असायचं, आयकराच्या १९८९-९० या आकारणी वर्षापासून सगळ्यांना ३१ मार्च सक्तीची झाली, त्याचा राग त्यांना अजून आहे. त्यात ही तिसरी तारीख ऐकून त्यांनी कोर्सबद्दलचं मत तिथंच बनवलं.

पण डेबिट-क्रेडिटवर सांगायलाच हवं. सर म्हणतात, डेबिट म्हणजे डावी बाजू, क्रेडिट म्हणजे उजवी, त्यापलीकडं अर्थ शोधू नका. इंग्रजी माणसाला चालत असेल. आपल्याकडं डेबिट म्हणजे 'नावे' आणि क्रेडिट म्हणजे 'जमा', आणि हे दोन शब्द आपण रोज वापरतो, त्यांचा अर्थ न शोधता कसं चालेल? पैसे आले की रोकड खात्याला डेबिट, म्हणजे नावे. आणि आबांच्या कीर्दीत पैसे आले की जमा, तेही डाव्या हाताला! उजवीकडं नावे. आठवडाभर मी धरून चालले होते की दोघांपैकी एकाचं आयुष्यभर चुकलंय.

शेवटी कीर्द घेऊन आबांपुढं बसले. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "हितं काय लिवलंय? व्यापाऱ्याचं नाव. जमा कुणाला केलं? त्याला. त्यानं दिलं म्हणून त्याच्या खात्यावर जमा. रोकडीला कुठं जमा केलंय?"

म्हणजे कीर्दीत लिहिलं जातं ते समोरच्याचं खातं. रोकडीची नोंद वेगळी करतच नाहीत, ती दिवसाच्या शिल्लकेत आपोआप येते. व्यापाऱ्याला क्रेडिट, रोकडीला डेबिट. दोन्हीकडं तेच, आबा फक्त अर्धीच बाजू लिहितात. हे कळल्यावर मी धडा परत लावला आणि एका बैठकीत चौदा नोंदी न चुकता केल्या. बँकेच्या पासबुकात आपले पैसे 'जमा' का दिसतात तेही त्याच दिवशी कळलं: ती बँकेची वही आहे, तिच्या लेखी आपण कर्जदार नव्हे, धनको, म्हणजे ती ज्याचं देणं लागते तो.

आता स्वल्पविराम.

पहिल्या चार धड्यांत काहीच अडचण नव्हती. पाचव्यात आकडे मोठे झाले आणि माझी उत्तरं धडाधड चुकायला लागली. एका प्रश्नात येणी काढायची होती. मी तीनदा मांडली, तीनदा १,२५,००० आली, तीनदा लाल फुली. रात्री साडेअकरापर्यंत वहीत इंग्रजी टीच्या आकाराची खाती काढत बसले. शेवटी वैतागून नुसतं १२५००० टाकलं. हिरवी खूण! १,२५,००० चूक, १२५००० बरोबर, आणि त्यांच्या पद्धतीनं १२५,००० सुद्धा बरोबर. गंमत अशी की ९९,९९९ पर्यंत आपला आणि त्यांचा स्वल्पविराम एकाच जागी पडतो, म्हणून आधी कधी लक्षात आलं नाही. लाखाच्या पुढं गेलात की तुम्ही अडाणी.

मदत केंद्राला लिहिलं. आधी यंत्र बोललं, मग पाच दिवसांनी माणूस. उत्तर आलं, ब्राउझरची कॅशे साफ करा. मी मोठ्यानं वाचलं, आबांना 'कॅश साफ करा' ऐकू आलं आणि ते गल्ल्याकडं बघायला लागले. दुसऱ्या मेलमध्ये मी चित्रासकट समजावलं. उत्तर: आकडा प्रमाणित स्वरूपात लिहावा. कुणाच्या प्रमाणात?

अगदी वरचा हप्त्याचा परिच्छेद सोडला तर इथपर्यंत मी मार्चअखेरीला लिहून ठेवलं होतं, आणि खाली 'घेऊ नका' असं लिहून संपवणार होते. ते खोडलं, कारण एप्रिलात तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाजूंची बेरीज, जुळली नाही.

टॅलीतला पोरगा बरोबर करतोय का हे बघायला मी मार्च महिन्याची खतावणी हातानं लिहून काढली होती. तेरजेत २,७०० चा फरक. दिवाणजी असते तर दोन दिवस कीर्द खतावणीशी ताडून बघत बसले असते. कोर्समध्ये पाच-सहा मिनिटांचा एक व्हिडिओ आहे, मी तो उगाच बघितला होता: फरकाला नवानं नि:शेष भाग गेला तर कुठंतरी दोन अंक उलटे पडले असण्याची शक्यता धरा. २,७०० भागिले ९, बरोबर ३००. मग मी फक्त उलटल्या जाणाऱ्या जोड्या शोधल्या. ५२-२५, ४१-१४, ६३-३६, ज्यांच्यात २७ चा फरक पडतो. वीस मिनिटांत सापडलं. हमालीचे ५,२०० मी खतावणीत २,५०० उतरवले होते.

आबांना यावर विश्वास बसला नाही. त्यांनी पाटीवर, खरंच घरात अजून पाटी आहे, ८३ आणि ३८, ९१ आणि १९ असे आकडे उलटे मांडून वजा केले, प्रत्येक वेळी नवानं भागलं, आणि शेवटी "नाद खुळा" एवढंच म्हणाले. दुप्पट-निम्म्याचीही युक्ती त्याच व्हिडिओत आहे: फरकाच्या निम्मी रक्कम शोधा, ती चुकून भलत्या बाजूला पडलेली असू शकते. त्या एका व्हिडिओसाठी एखादा हप्ता वसूल झाला असं मी मानते. सगळे नाही.

इतिहासाचाही एक तुकडा आहे. दुहेरी नोंदीची पद्धत छापील पुस्तकात पहिल्यांदा सविस्तर मांडली ती लुका पाचोली या ख्रिस्ती साधूनं, १४९४ साली, व्हेनिसमध्ये. पद्धत त्यानं शोधली नव्हती, तिथले व्यापारी आधीपासून वापरत होते. साधूला हिशेब कशाला लागतोय, हा आबांचा प्रश्न मी सरांना पाठवलेला नाही.

मे अखेरीला परीक्षा दिली. कॅमेऱ्यानं खोली दाखवायची, टेबलाखाली दाखवायचं, मध्ये लाईट जायची भीती, ते सगळं निभावलं. ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, पास व्हायला ७०. मला ६८. तपासून बघितलं तर तीन उत्तरांत लाखाचा स्वल्पविराम. मला माहीत होतं हो! वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून चिकटवलं होतं, तो पुठ्ठा परीक्षेला टेबलावर चालत नाही. घड्याळ पळत असताना हात सवयीनं लिहितो. ते सहा गुण धरले तर ७४ होतात.

भांडले. तीन मेल, एक तक्रार क्रमांक. उत्तरात त्यांनी मान्य केलं की आकडे बरोबर आहेत, पण यंत्रानं दिलेले गुण बदलता येत नाहीत. दुसरा प्रयत्न फुकट आहे म्हणाले. मात्र तो सात दिवसांनी, आणि माझी हप्त्याची तारीख चौथ्या दिवशी. म्हणून आठवा हप्ता. टॅलीतल्या पोरानं विचारलं, वहिनी, ही रक्कम कुठल्या खात्याला टाकू? शिक्षण खर्च म्हटलं, मनात दंड होतं.

दुसऱ्यांदा ८४ आले. एकूण गेले ३१,००० च्या वर. त्यातले ७,८०० माझ्या मूर्खपणाचे, ३,९०० स्वल्पविरामाचे. घ्यायचा असेल तर गुळाच्या, लग्नाच्या, सुगीच्या, कुठल्याच हंगामात सुरू करू नका, आणि परीक्षा हप्त्याच्या तारखेच्या किमान आठ दिवस आधी द्या. कोर्स बंद करायचं बटण खात्याच्या पानावर सगळ्यात खाली, करड्या रंगात आहे. ते दाबल्यावर तीनदा 'नक्की का' विचारतात.

मी दाबलंय. तरी आज सकाळी त्यांच्या फुकटच्या नमुना धड्यात जाऊन १,२५,००० टाकून बघितलं. लाल फुली.