डिलाइटचं नाक पद्मिनीला

जुनी फियाट डेंटिंग-पेंटिंगला देणार असाल तर आधी हे वाचा.

आमची १९६६ची फियाट अकराशे डिलाइट. पन्नाशी उलटलेल्या गाड्यांना २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला ‘व्हीए’ अक्षरांची पाटी, फी २०,००० रुपये, आणि अट अशी की चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. अर्ज करण्याआधी रंगकाम उरकावं म्हणून गाडी कुर्ल्यात एका गॅरेजला दिली.

परत आली ती चकचकीत, पण तोंड परकं. जाळी, शो (म्हणजे पुढचा पत्रा), बॉनेट, सगळं पद्मिनीचं!

“साहेब, तुमचा पत्रा पार सडला होता, भंगारात गेला. आणि फियाट ती फियाट, कोणाला कळतंय?”

मेख इथेच आहे, कारण ते निम्मं खरं आहे. डिलाइट, मग १९७२ची प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४पासूनची पद्मिनी, मुळात एकाच सांगाड्याच्या. इंजिन तेच १०८९ सीसीचं, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. बदलत गेली ती मुख्यतः दर्शनी बाजू: जाळी, बंपर, दिवे, बिल्ला. टॅक्सीवाले पद्मिनीलाही शेवटपर्यंत फियाटच म्हणत. थोडं कापून, वेल्डिंग मारून नाक इकडचं तिकडे बसतं. वर लांबी (खड्डे बुजवायची पुटी) आणि रंग, की झालं. पद्मिनी टॅक्सी म्हणून २०२३पर्यंत धावली, त्यामुळे तिचा पत्रा अजून सापडतो. डिलाइटचा शोधून दाखवा.

पुढे एका जाहिरातीत ‘अस्सल डिलाइट’ दिसली. बघायला गेलो. बॉनेट उघडलं तर शोच्या आतल्या बाजूला वडिलांनी फॉग लॅम्पसाठी पाडलेलं भोक आणि ते बुजवलेलं पितळी ब्रेझिंग (पितळ वितळवून मारलेला सांधा), जसंच्या तसं. आरसी म्हणे एजंटकडे. तिथेच उभ्या उभ्या नंबर एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपवर टाकला, नोंदणी १९८१ची! डिलाइटचं नाक लावलेली पद्मिनी, भाव मात्र डिलाइटचा. एका पत्र्यावर दोन गिऱ्हाइकं कापली गॅरेजवाल्या पठ्ठ्याने.

पोलिसांनी ‘दिवाणी मामला’ म्हणून वाटेला लावलं. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची. ब्रेझिंगचा जुना फोटो घरात होता म्हणून केस उभी राहिली, नाहीतर पत्रा माझाच हे कशावरून सिद्ध करणार? तेव्हा गाडी देण्याआधी पत्र्याच्या आतल्या बाजूचे फोटो काढा, पंचने खूण मारा, आणि काढलेला प्रत्येक भाग, सडका असला तरी, परत मिळेल असं जॉबकार्डवर लिहून घ्या. विकत घेणाऱ्यांनी चॅसी नंबर आरसीशी ताडावा, पुढच्या पत्र्यावर लोहचुंबक फिरवावं. जाड लांबीवर ते धरत नाही.

आता गॅरेजवाल्याचा निरोप आलाय: तक्रार मागे घ्या, शो आणून देतो. आणणार कुठून? ती दुसरी गाडी विकली गेली, नाकासकट.