चहा सांडलेल्या लॅपटॉपची दुरुस्ती, लॅमिंग्टन रोड : चार स्टार

लॅमिंग्टन रोडला (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर हे दुकान आहे. जिना अंधारा, बसायला एकच स्टूल. काम मात्र एक नंबर.

मी कर सल्लागार आहे. ऐन जुलैत, रिटर्नची घाई चाललेली असताना मांजरीनं चहाचा भरलेला कप कीबोर्डवर लवंडला. दूध-साखरेचा चहा पाण्यापेक्षा वाईट, कारण पाणी वाळतं, साखर चिकटून बसते आणि ओल धरून ठेवते. लगेच चार्जर काढला, पॉवरचं बटण दाबून धरून लॅपटॉप बंद केला आणि उलटा करून टॉवेलवर ठेवला. तांदळात ठेव, असं जो तो सांगत होता. तांदळानं साखर कशी निघणार?

आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेला. तिथे न उघडताच ‘मदरबोर्ड बदलावा लागेल’ म्हणाले. वॉरंटीत सांडलवंड बसत नाही, ते ठीक. पण निदान उघडून तरी बघायचं!

इथल्या दादांचा पहिला प्रश्न, "ताई, नंतर चालू करून बघितला नाही ना?" नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्यासमोरच मागचं कव्हर उघडलं आणि सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढला. लॅपटॉप बंद असला तरी बोर्डाच्या काही भागात बॅटरीचा करंट असतोच, आणि ओल असेल तर त्यानंच गंज झपाट्यानं वाढतो. मग मायक्रोस्कोपखाली दाखवलं : कीबोर्डच्या कनेक्टरच्या पिनांवर बुरशीसारखा हिरवट थर, आणि शेजारी चहाचा तपकिरी, चकचकीत ओघळ. एवढ्याशा जागेत केवढं नुकसान होत होतं ते तेव्हा कळलं.

एसएसडी, म्हणजे लॅपटॉपमधला डेटा साठवणारा भाग, काढून आधी माझा डेटा माझ्याच हार्ड डिस्कवर घेऊन दिला. अशिलांचे हिशेब त्यात होते, त्यामुळे माझ्यासाठी हेच सगळ्यात मोठं काम. बोर्ड सुटा करून आयपीएनं, म्हणजे 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, मऊ ब्रशनं घासून धुतला. पूर्ण वाळल्यावर मल्टिमीटरनं कुठे शॉर्ट सर्किट आहे का ते तपासलं, मगच पॉवर दिली. चालू झाला!

कीबोर्ड मात्र गेला. सफाईचे 1,800 आणि नव्या कीबोर्डचे 2,200 रुपये. जुना कीबोर्ड न मागता परत दिला. कीबोर्डला तीन महिन्यांची गॅरंटी आहे, बोर्डाला नाही. ‘पाणी गेलेल्या बोर्डाची गॅरंटी मी देत नाही’ हे त्यांनी कामाला हात लावण्याआधीच सांगितलं होतं. असं स्पष्ट बोलणारा माणूस मला हवा असतो.

एक स्टार कापलाय तो बिलासाठी. जीएसटीचं पक्कं बिल मागितल्यावरच मिळालं, ते आपणहून द्यायला हवं. शनिवारी दुपारी जाऊ नका, रांग जिन्यापर्यंत असते.