जीसीसीच्या वॉर्निंग्ज: स्ट्रिंग पार्सिंगला कितपत उपयोगी?

नुसतं 'जीसीसी मेन.सी' चालवलंत तर हा सी भाषेचा कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) जवळजवळ मुकाच राहतो. '-डब्ल्यूऑल' दिल्यावर बोलायला लागतो, पण तेही पूर्ण नाही. 'इंट आय' आणि 'स्ट्रलेन' (स्ट्रिंगची लांबी) यांच्या तुलनेतला साइन्ड-अनसाइन्डचा (ऋण चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या संख्यांचा) घोळ सी भाषेत '-डब्ल्यूएक्स्ट्रा' लावल्यावरच दिसतो. 'स्ट्रएनकॉपी' आणि 'एसएनप्रिंटएफ'मध्ये मजकूर कापला जाण्याच्या इशाऱ्यांना '-ओ२'ची जोड दिली तर ते जास्त पकडतात. त्यामुळे हे तिन्ही ऑप्शन आणि डीबगिंगची माहिती जोडणारा '-जी' मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये) कायमचे टाकून द्यावेत.

फॉरमॅट स्ट्रिंगच्या तपासणीत मात्र जीसीसीला पैकीच्या पैकी मार्क देता येत नाहीत. २० कॅरेक्टरच्या ॲरेला 'स्कॅनएफ("%एस", &नाव)' लिहिलं की टाइप जुळत नाही म्हणून तो लगेच टोकतो. पत्ता तोच असल्याने प्रोग्रॅम चालतो, म्हणून ही वॉर्निंग सर्रास दुर्लक्षिली जाते. '&' काढला की वॉर्निंग जाते, पण धोका जात नाही! रुंदी न दिलेल्या '%एस'बद्दल जीसीसी चकार शब्द काढत नाही. तिथे '%१९एस' आपणच लिहायचं. विसावा बाइट शेवटच्या शून्याचा.

सगळ्यात मोलाची वॉर्निंग म्हणजे 'इम्प्लिसिट डिक्लरेशन', म्हणजे आधी जाहीर न केलेलं फंक्शन वापरल्याचा इशारा. '-एसटीडी=सी९९' (१९९९चं सी मानक) लावून स्ट्रिंगचे तुकडे करणारं 'स्ट्रटोक_आर' वापरलं, तर 'स्ट्रिंग.एच' इन्क्लूड करूनही लिनक्सवर ती येते, कारण हे फंक्शन पॉझिक्सचं (युनिक्ससारख्या सिस्टिम्सच्या मानकाचं) आहे आणि शुद्ध सी९९ मोडमध्ये हेडर ते लपवतं. मग कंपायलर 'इंट' परत येणार असं धरून चालतो, ६४ बिटी पॉइंटरचे वरचे ३२ बिट गळतात आणि पहिलं टोकन (तुकडा) वाचतानाच सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे चुकीच्या मेमरीला हात लावल्याने प्रोग्रॅम बंद. लोक डिलिमिटर (तुकडे पाडणारं चिन्ह) तपासत बसतात; दोष तिथे नसतोच. '-एसटीडी=जीएनयू९९' केलं की काम झालं. २०२४च्या जीसीसी १४पासून ही थेट एरर झाली आहे. हे फार आधीच व्हायला हवं होतं.

पार्सिंगच्या तर्कातल्या चुका मात्र यातल्या कुठल्याच ऑप्शनला दिसत नाहीत. 'अ,,ब' ही ओळ 'स्ट्रटोक'ला दिली तर दोनच टोकन मिळतात, मधला रिकामा रकाना गायब. सीएसव्हीसाठी (स्वल्पविरामाने वेगळे केलेल्या रकान्यांसाठी) 'स्ट्रसीएचआर'ने स्वल्पविराम शोधत जाणंच बरं. मजकुराची संख्या करणारं 'एटॉय' तर '१२एक्स'चे १२ करतं आणि अक्षरांचं शून्य. त्याऐवजी 'स्ट्रटोल' घ्या: आधी 'एररनो' (त्रुटीचा क्रमांक) शून्य करा, नंतर एंड पॉइंटर सुरुवातीलाच अडकला का, तो स्ट्रिंगच्या टोकाला पोचला का आणि 'एररनो' 'ईरेंज' (संख्या मर्यादेबाहेर) झाला का, हे तिन्ही बघा.

'मॅलॉक(स्ट्रलेन(एस))' करून 'स्ट्रकॉपी' केल्यावर एक बाइट बाहेर सांडतो, तोही वॉर्निंगमधून सहसा निसटतो. चाचणीच्या बिल्डला मेमरीच्या चुका पकडणारा '-एफसॅनिटाइझ=ॲड्रेस' लावला, तर रन करताना फाइल आणि ओळ क्रमांकासकट तो पकडला जातो. प्रोग्रॅम साधारण दुपटीने मंदावतो, मेमरीही जास्त खातो. चाचणीपुरतं ते चालतं, ग्राहकाला द्यायच्या बिल्डमध्ये ठेवू नये.