अँटी-रॅगिंग हेल्पलाइन: फोन लागतो, पण तक्रार टिकते मजकुरावर

मेडिकल, मेयो, व्हीएनआयटीसारख्या कॉलेजांमुळे दरवर्षी दूरदूरची मुलं नागपूरच्या होस्टेलांत येतात. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) रॅगिंगविरोधी हेल्पलाइन, १८००-१८०-५५२२, त्यांच्या मोबाइलमध्ये पहिल्याच दिवशी असायला हवी. २००९ मध्ये हिमाचलच्या टांडा मेडिकल कॉलेजात अमन काचरूचा रॅगिंगमुळे मृत्यू झाला आणि त्याच वर्षी ही सेवा सुरू झाली.

फोन मोफत, चोवीस तास. तक्रार ईमेलनेही पाठवता येते, नाव गुप्त ठेवता येतं. नोंद झाली की क्रमांक मिळतो आणि तक्रार कॉलेजप्रमुखाकडे जाते. इथवर सेवा चांगली आहे.

खरी अडचण पुढे येते. चौकशी त्याच कॉलेजची समिती करते, हेल्पलाइन स्वतः कुणालाही शिक्षा करत नाही. ‘सीनियर त्रास देतात’ एवढंच लिहिलं, तर समिती होस्टेलभर विचारते, सगळे ‘काही नाही सर’ म्हणतात आणि प्रकरण मिटतं. म्हणून तारीख, वेळ, ब्लॉक, मजला, काय करायला लावलं, कोण उभं होतं हे सगळं लिहा. नाव ठाऊक नसेल तर वर्ष, ब्रँच, हाक मारायचं नाव लिहा. व्हॉट्सॲपच्या स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि वेळ दिसू द्या. ते घेण्याआधी ग्रुप सोडू नका. मार बसला असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद, करून घ्या, कारण वळ दोन-तीन दिवसांत फिके पडतात. जीवावर बेतत असेल तर आधी ११२ या आपत्कालीन नंबरवर फोन.

फोनसोबत प्राचार्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्याच. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यानुसार लेखी तक्रार मिळाल्यापासून ७ दिवसांत चौकशी करावी लागते. सकृतदर्शनी तथ्य दिसलं तर आरोपीला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवावी लागते. दुर्लक्ष करणारा प्रमुख रॅगिंगला साथ देणारा ठरतो. पोच नसेल तर ते ७ दिवस मोजणार कुठून? गुन्हा सिद्ध झाल्यास २ वर्षांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि ५ वर्षं कुठेही प्रवेश नाही.

सेवा सर्वांत कमी पडते ती ‘इंट्रो’पुढे, म्हणजे ओळखीच्या नावाखाली सीनियर नव्यांना जे करायला लावतात त्यापुढे. गेल्या वर्षी ज्यांनी रात्रभर मान खाली घालून उभं राहणं सोसलं, तेच यंदा नव्यांना उभं करतात, ‘आम्हीही सोसलं’ म्हणत. ही साखळी फर्स्ट इयरच्या मुलाने एकट्याने तोडावी ही अपेक्षाच अन्यायाची आहे. फोन सेकंड इयरवाल्याने करावा. यूजीसीच्या २००९ च्या नियमांत, दोषी ओळखता आले नाहीत तर सामूहिक शिक्षेची तरतूद आहे. नुसतं बघत उभा राहिलेलाही तिच्यात सापडू शकतो.

दरवर्षीचं ऑनलाइन प्रतिज्ञापत्र प्रवेशाच्या घाईत न वाचताच भरलं जातं. आईवडिलांनी ते मुलासोबत बसून वाचावं. मुलगा बोलायला घाबरत असेल, तर गडचिरोलीत बसूनही तक्रार त्यांना स्वतः करता येते.